गाळातील धन

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांमुळे परभणी जिल्ह्याची भूमी सुपीक झाली आहे. येथील जमीन बहुतेक काळीभोर आहे. पावसाळ्यात ती लोण्यासारखी मऊ होते व उन्हाळ्यात तडकून तिला खोल भेगा पडतात. पाऊस येतो तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने गावांना साठविलेल्या पाण्यावर काढावे लागतात. म्हणूनच जुन्या काळच्या लोकांनी ठिकठिकाणी तळी खोदली व बारवा बांधल्या. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव तर प्राचीन मंदिरांसाठी व बारवेसाठी प्रसिद्धच आहे.

अशा प्रदेशात वैशाखमासी एखाद्या उथळ तळ्याच्या काठी उभे राहिले म्हणजे मोठे उदास दृश्य दिसते. तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेले असते. उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारणपणे एक सेंटिमीटर, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक फूट खाली उतरते. पाहता पाहता काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर वाळलेली, कागदासारखी चुरचुरणारी मोठमोठी पाने पसरलेली दिसतात. श्रावणात जेथे कमळे डोलत होती, तेथे आता गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले असतात. वाटसरू म्हणतो, “या तळ्यातले कमळ संपले!”

परंतु ते खरोखरच संपलेले असते काय? तसे नसते. कमळाने आपले धन चिखलात दोन ठिकाणी पुरून ठेवलेले असते. त्यांतील एक चिखलात ओल असेपर्यंत जगते. दुसरे ओल नसली तरी वाट पाहत राहते. ही दोन्ही धने ओळखता आली, तर कोरड्या पडलेल्या तळ्यातही कमळ पुन्हा फुलविता येते.

पहिले धन म्हणजे कमळाचे खोड. कमळ ही बहुवर्षायु वनस्पती आहे; म्हणजे एकदा रुजल्यावर ती वर्षानुवर्षे जगते. तिचे खोड मात्र इतर झाडांप्रमाणे वर वाढत नाही. ते चिखलात आडवे पसरते. शास्त्रात अशा खोडाला मूलक्षोड म्हणतात. उसाच्या कांड्याप्रमाणे त्याला पेरे असतात. प्रत्येक पेराशी खाली मुळे फुटतात व वर एक पान निघते. हिवाळ्यात परभणीकडे थंडी कडक पडते. काही वर्षी किमान तापमान पाच अंशांच्याही खाली जाते. त्या दिवसांत कमळाची पाने वाळतात आणि सारा अन्नसाठा खोडात सुरक्षित राहतो. फाल्गुन महिन्यात ऊन तापू लागले, की त्याच खोडाला नवे कोंब येतात. वरचा थर सुकला तरी आतला चिखल ओला असेपर्यंत हे खोड जिवंत राहते. तळे तळापर्यंत वाळले, तर मात्र ते मरते.

पुष्कळदा कमळ आणि कुमुद यांची गल्लत होते. दोन्ही पाण्यात वाढतात व दोहोंची फुले सुंदर असतात. पण ती एका कुळातली नव्हेत. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते व देठाजवळ त्याला खाच असते. कमळाची पहिली पाने तरंगतात, परंतु पुढची पाने पाण्याच्या वर हात-दोन हात उंच उभी राहतात. कमळाच्या पानाला खाच नसते. देठ पानाच्या मध्यभागी जोडलेला असल्यामुळे ते उलट्या धरलेल्या छत्रीसारखे दिसते. एवढी खूण ध्यानात ठेवली म्हणजे चूक होत नाही.

कमळपत्रावरचा पाण्याचा थेंब सर्वांनीच पाहिलेला असतो. तो पानाला चिकटत नाही. मोत्यासारखा गडगडत जातो आणि जाता जाता पानावरची धूळही घेऊन जातो. याचे कारण पानाच्या पृष्ठभागात आहे. त्यावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म उंचवटे असून त्यांवर मेणाचे बारीक कण असतात. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो. पानाला पसरून भिडत नाही. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली हे रहस्य सविस्तर मांडले. पुढे याच तत्त्वावर, पावसाने आपोआप स्वच्छ होणारे भिंतीचे रंगही तयार करण्यात आले.

कमळाचा देठही असाच पाहण्यासारखा आहे. तो आडवा कापला असता त्यात लहानमोठ्या नळ्या दिसतात. तो मोडला असता रेशमासारखे बारीक तंतू निघतात. खोडातही अशाच पोकळ्या असतात. चिखलात हवा फारच थोडी असते. तेथे पुरलेल्या खोडाने श्वास घ्यावा कसा? पाने वरची हवा घेतात आणि ती या नळ्यांतून खाली खोडापर्यंत पोहोचते. ताज्या देठाचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून फुंकर घातली, तर पाण्यात बुडबुडे येतात. यावरून माळ्यांचा एक नियम सहज समजतो. कमळाचे जुने पान किंवा फूल काढताना देठ पाण्याच्या वर कापावा. तो पाण्याखाली कापला गेला, तर नळ्यांत पाणी शिरते आणि खोड कुजण्याचा संभव असतो.

कमळाचे फूल पहाटे उमलू लागते व दुपारनंतर मिटते. असे तीन-चार दिवस चालते आणि मग पाकळ्या गळून पडतात. मध्यभागी जो फुगीर भाग उरतो, त्याचा आकार झारीच्या तोंडासारखा असतो व प्रत्येक छिद्रात एकेक बी वाढत असते. या फुलाचा आणखी एक विशेष आहे. ते स्वतः उष्णता निर्माण करते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे केलेल्या संशोधनात, बाहेरची हवा दहा अंशांपर्यंत थंड असतानाही फुलाच्या आतले तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान टिकून राहते, असे १९९६ साली दाखविण्यात आले. या उबेमुळे फुलात रात्रभर थांबणाऱ्या भुंग्यासारख्या कीटकांना निवारा मिळतो आणि त्यांच्याकडून परागांची ने-आण होते, असे शास्त्रज्ञ मानतात.

आता कमळ लावण्याची रीत पाहू. कमळाला चार गोष्टी हव्या असतात: भरपूर ऊन, संथ पाणी, जड माती आणि पसरण्यास जागा. परभणीची काळी चिकण माती त्याला फार मानवते. नदीच्या वाहत्या प्रवाहात कमळ टिकत नाही. बारवेच्या खोल व सावलीच्या पाण्यातही ते रमत नाही. गुडघाभर ते कमरेएवढे पाणी आणि दिवसातून निदान सहा तास ऊन असेल, तेथे ते जोमाने वाढते.

तळे नसेल तर शाळेच्या आवारातील लहान हौदात किंवा बुडाला भोक नसलेल्या मोठ्या कुंडीतही कमळ लावता येते. तिची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर व खोली सुमारे ४५ सेंटिमीटर असावी. तळाशी चांगले कुजलेले शेणखत थोडेसे घालून त्यावर वीस सेंटिमीटर काळी माती भरावी. पालापाचोळ्याचे हलके खत वापरू नये. ते पाण्यावर तरंगते व सडते. खत अधिक झाले, तर कोवळी मुळे जळतात.

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, कोंब फुटू लागताच, दोन-तीन पेरांचा खोडाचा तुकडा घ्यावा. त्याच्या टोकाचा कोंब शाबूत असला पाहिजे. तो कोंब मोडला, तर तुकडा बहुधा वाया जातो. खोड उभे न लावता मातीत आडवे ठेवावे. कोंबाला पुढे वाढण्यास जागा मिळावी म्हणून ते कडेला ठेवून कोंब मोकळ्या बाजूस वळवावा आणि वरून बोटभर माती पसरावी. आरंभी दहा सेंटिमीटरच पाणी ठेवावे, म्हणजे ते उन्हाने लवकर तापते. पाने वाढतील तसतसे पाणी वाढवावे.

यापुढचे काम रोजच्या लक्षाचे आहे. ६० सेंटिमीटर रुंदीच्या गोल कुंडीतून, पाणी दिवसाला एक सेंटिमीटर उतरले, तर सुमारे तीन लिटर पाणी कमी होते. पाने मोठी झाल्यावर आणखी कमी होते. ज्या गावात घागरभर पाण्यासाठी दूर जावे लागते, तेथे तीन लिटरांनाही मोल आहे. म्हणून भाजी धुतलेले साधे पाणी यासाठी राखून ठेवावे. साबणाचे पाणी मात्र घालू नये. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, यासाठी कुंडीत गप्पी मासे सोडावेत. ते डासांच्या अळ्या खाऊन टाकतात. पानांवर मावा पडला, तर पाण्याच्या धारेने तो धुऊन काढावा. विषारी औषध फवारू नये, कारण त्याने मासेही मरतात. दर एक-दोन वर्षांनी कुंडीत खोडांची दाटी होते. तेव्हा ती काढून, विभागून पुन्हा लावावीत. अशा रीतीने एका कुंडीतून अनेक शाळांना कमळ देता येते.

कमळाचे दुसरे धन म्हणजे त्याचे बी. त्याला कमळगट्टा म्हणतात. ते काळपट, टणक आणि गोट्यांसारखे असते. त्याचे कवच इतके घट्ट असते, की त्यातून पाणी आत शिरत नाही. म्हणून नुसते पेरल्याने ते लवकर उगवत नाही. बियाची टोकदार बाजू सोडून दुसरी बाजू कानशीवर किंवा खरबरीत दगडावर आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासावी व बी कोमट पाण्यात टाकावे. पाणी रोज बदलले, तर साधारण आठवडाभरात हिरवा कोंब बाहेर येतो. पाने व मुळे फुटल्यावर रोप चिखलात लावावे. बियापासून वाढविलेल्या कमळाला फूल येण्यास पुष्कळदा दुसरे वर्ष उजाडते.

ज्या कवचामुळे बी उशिरा उगवते, तेच कवच त्याला दीर्घायुषी करते. याची एक विलक्षण हकीकत जपानमध्ये घडली. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो ओगा यांनी कमळाच्या प्राचीन बियांचा अभ्यास चालविला होता. चिबा या शहराजवळ केमिगावा येथे जमिनीखालच्या प्राचीन थरांत एक जुनी होडी व कमळाचे अवशेष सापडले होते. तेथे जिवंत बी मिळेल, या आशेने ओगा यांनी १९५१ सालच्या मार्च महिन्यात उत्खनन आरंभिले. जवळच्या शाळांतील मुले-मुली त्यांच्या मदतीला आली. चिखल उपसावा, चाळणीने चाळावा, पुन्हा उपसावा, असे काम कित्येक दिवस चालले. पण हाती काहीच लागेना. काम थांबविण्याची वेळ येऊन ठेपली. शेवटी ३० मार्चच्या सायंकाळी, सुमारे सहा मीटर खोलीवरून काढलेल्या गाळात एका शाळकरी मुलीला कमळाचे एक बी सापडले! त्यामुळे काम पुढे चालू राहिले आणि एप्रिलच्या आरंभी आणखी दोन बिया मिळाल्या.

ओगा यांनी त्या तिन्ही बिया रुजविण्याचा प्रयत्न केला. दोन रोपे जगली नाहीत. त्या मुलीला सापडलेले बी मात्र रुजले, वाढले आणि १८ जुलै १९५२ रोजी त्यावर गुलाबी रंगाचे मोठे कमळ फुलले. त्या थरातील होडीच्या लाकडाची परीक्षा करून त्या बियाचे वय सुमारे दोन हजार वर्षे असावे, असा अंदाज करण्यात आला. त्या एका रोपाची खोडे विभागून पुढे जपानभर व परदेशांतही नेण्यात आली. आज ते ‘ओगा कमळ’ या नावाने ओळखले जाते. पुढे १९९५ साली, चीनमधील एका जुन्या सरोवराच्या गाळातील, प्रत्यक्ष वय मोजलेले सुमारे तेराशे वर्षांचे बीही उगविल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले.

आता पुन्हा परभणीच्या तळ्याकडे वळू. दर पावसाळ्यात शेतांवरची माती वाहून तळ्यात येते. तळे वर्षावर्षाने उथळ होते व त्यात पाणी कमी मावते. दुष्काळात याची किंमत माणसांना व गुरांना मोजावी लागते. १९७२ सालच्या दुष्काळात महाराष्ट्रातील असंख्य लोकांनी तलाव व रस्ते यांच्या कामांवर राबून दिवस काढले. २०१५-१६ सालीही मराठवाड्याने पाण्याचे फार हाल सोसले. तेव्हा तळ्यांतील गाळ काढणे हे आवश्यकच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना याच हेतूने सुरू केली. तळ्यातला गाळ शेतात पसरला, की शेत सुधारते आणि तळ्याला पुन्हा खोली येते. दोन्हीकडे लाभच होतो.

परंतु गाळ उपसताना एक हानी नकळत होते. यंत्राचा पंजा गाळासह कमळाची खोडेही उचलून नेतो. शेतात पडलेली ती खोडे उन्हाने दोन दिवसांत वाळून जातात. तळे खोल होते, पाणी वाढते. पण कमळ मात्र पुन्हा दिसत नाही. मग त्या मोकळ्या पाण्यावर कित्येकदा जलपर्णी पसरते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही तरंगती वनस्पती पाहता पाहता सारे तळे झाकून टाकते व मासे गुदमरतात.

मग पाणी राखावे की कमळ? थोडी दूरदृष्टी ठेवली, तर दोन्ही राखता येतात. काम सुरू होण्यापूर्वी मोठ्या माणसांनी ओल्या कोपऱ्यातून कोंबांसह काही खोडे काढून घ्यावीत, ती ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यावीत व हौदात चिखल-पाण्यात ठेवावीत. तळ्याचा मध्यभाग हवा तेवढा खोल करावा. एका काठाला मात्र उतार ठेवून तेथे उथळ पाण्याचा पट्टा सोडावा आणि पाऊस पडल्यावर जपलेली खोडे त्या पट्ट्यात लावावीत. कमळ फार खोल पाण्यात शिरत नाही. त्यामुळे मधले पाणी मोकळे राहते. काठाचे कमळही फार दाटले, तर ते अधूनमधून विरळ करावे लागते. नाहीतर त्याचीच वाळलेली पाने साचून तळे पुन्हा भरू लागते. मुलांनी मात्र एकट्याने तळ्यात कधीही उतरू नये. कमळाच्या मुळाशी चिखल खोल असतो व पाय रुतला म्हणजे निघणे कठीण होते.

तथापि मुलांना करता येण्यासारखे एक मोठे काम आहे. उपसलेला गाळ शेताच्या बांधावर येऊन पडला, की त्याची ढेकळे फोडून पाहावीत. एखाद्या ढेकळात काळी, टणक, गोटीसारखी बी सापडण्याचा संभव असतो. ती किती वर्षे तेथे पडून आहे, हे कोणाला ठाऊक? कदाचित तिचे कमळ ज्यांनी पाहिले, ते लोक आज हयातही नसतील. दगडावर घासून ती पाण्यात टाकली, तर तिच्यातून हिरवा कोंब निघू शकतो. केमिगावा येथील त्या मुलीने याहून वेगळे काही केले नव्हते. इतर सर्वांना जेथे नुसता चिखल दिसत होता, तेथे ती शेवटच्या दिवसापर्यंत नीट पाहत राहिली.

संस्कृतात कमळाला ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले असे म्हणतात. लोक फुलाची थोरवी गातात. पण ते फूल ज्या चिखलाच्या आधारावर उभे असते, त्याची काळजी घेणारे थोडे असतात. तळ्याचा तळ, त्याचा काठ आणि त्यातली ओल जी माणसे जपतील, त्यांच्याच गावी श्रावणात कमळ फुलेल, आणि वैशाखात गुरांना पाणीही मिळेल.

शब्दार्थ

बहुवर्षायु – अनेक वर्षे जगणारी. मूलक्षोड – जमिनीत आडवे वाढणारे खोड. संथ – न वाहणारे, स्थिर. शाबूत – न मोडलेले. बारव – पायऱ्यांची मोठी विहीर. उत्खनन – जमीन खोदून केलेला शोध. हयात – जिवंत.

स्वाध्याय

१. कमळाची दोन ‘धने’ कोणती? त्यांत कोणता फरक आहे?
२. कमळ व कुमुद कसे ओळखाल?
३. कारणे द्या : (अ) कमळाचा देठ पाण्याखाली कापू नये. (आ) कमळपत्रावर थेंब चिकटत नाही. (इ) कमळगट्टा घासून पाण्यात टाकावा लागतो.
४. केमिगावा येथे बी कसे सापडले, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. गाळ काढताना कमळ कसे वाचविता येईल, याविषयी गावकऱ्यांना उद्देशून दहा ओळी लिहा.
६. वाक्यांत उपयोग करा : येऊन ठेपणे, हाती लागणे, हाल सोसणे.
७. ‘पंकज’ या शब्दाप्रमाणे ‘ज’ शेवटी असणारे आणखी तीन शब्द शोधून त्यांचे अर्थ सांगा.
८. कुंडीची रुंदी ८० सेंटिमीटर असेल व पाणी दिवसाला एक सेंटिमीटर उतरत असेल, तर रोज सुमारे किती लिटर पाणी घालावे लागेल, याचा हिशेब करा.